पूल क्यूच्या मुठीवर लिननचा रॅप : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

दोन भागांचा मेपलचा पूल क्यू, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळात चेंडू मारायची काठी, हातात घेतला आहे. लांबी ५८ इंच, वजन १९ औंस. मुठीवर लाकडात कापलेल्या उथळ खाचेत धागा गुंडाळून केलेलं आवरण म्हणजे रॅप. जुना नायलॉनचा रॅप काढून तिथे लिनन चढवायचं आहे. रॅपची पट्टी ३०५ मिलिमीटर लांब. जॉइंटकडच्या (दोन भाग जिथे जुळतात तिकडच्या) टोकाला लाकडाचा व्यास २७.२ मिमी, खालच्या टोकाला ३१ मिमी. म्हणजे मूठ खाली जाड होत जाते, आणि हा उतार पुढे गुंडाळताना लक्षात ठेवावा लागणार आहे.

क्यू ज्यांचा आहे त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांचं म्हणणं एकच : तासभर खेळलं की मूठ हाताला धरून बसते. पूलमध्ये मागचा हात क्यू आवळत नाही, बोटांत तोलून धरतो, आणि फटक्याच्या शेवटी मूठ तळव्यात किंचित सरकते, किंचित फिरते. घामाने ओला झालेला नायलॉन हे सरकणं थांबवतो. मग खेळाडू नकळत पकड घट्ट करतो आणि क्यू रेषेतून हलतो.

ही तक्रार पूर्णपणे धाग्याची आहे. दमटपणा मध्यम असलेल्या हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषतो, कापूस ८ ते ८.५ टक्के, आणि लिनन १२ टक्क्यांपर्यंत. लिनन ओलावा घेतंही लवकर आणि सोडतंही लवकर. शंभर वर्षांहून जुनं साहित्य अजून वापरात आहे ते या एका गुणावर.

काकांनी विचारलं, "चामडं लावतोस का? परवा एकाचं बघितलं, छान दिसत होतं." चामडं चांगलंच असतं, पण त्याला खाच जास्त खोल लागते. इथे लाकूड आणखी कापावं लागेल. शिवाय चामड्याची पकड थोडी चिकट असते, काहींना ती मुद्दाम हवी असते. काकांना नेमकं त्याच्या उलट हवं आहे. "काका, तुम्हाला कोरडा हात हवाय ना? मग लिननच," असं सांगितल्यावर त्यांनी क्यू ठेवून दिला.

६ नोव्हेंबर

जुना रॅप उतरवला. पातीने उभी चीर द्यायची नाही, दिली तर खालच्या लाकडावर रेघ उमटते आणि पुढच्या रॅपखाली ती राहते. शेवटचे चार-पाच वेढे सुईने उचलून टोक मोकळं केलं आणि क्यू फिरवत धागा रिळावर परत घेतला. जवळपास सगळा एका लांबीत निघाला.

खाली पिवळट गोंदाचा थर. कोमट पाण्यात पिळून काढलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं, तो मऊ झाला, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. खाचेच्या दोन्ही कडांना धातूचं हत्यार लावलं नाही. रॅपची सगळी शोभा त्या दोन काटकोनी कडांवर असते. कड कुठे टवकली तर शेवटचा वेढा तिथे बसत नाही आणि डोळा तिथेच जातो.

क्यू रात्रभर सुकायला ठेवला. ओल्या लाकडावर खोली मोजण्यात अर्थ नाही.

७ नोव्हेंबर

खाचेची खोली ठिकठिकाणी मोजली : ०.५८ मिमी, फरक नगण्य. मूळ लेथकाम चांगलं आहे. याच आकड्यावरून धागा निवडायचा. उलट क्रमाने गेलं तर, म्हणजे धागा आवडला म्हणून आधी घेतला तर, खाच पुन्हा कापावी लागते.

९ नोव्हेंबर

धाग्याबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण या कामातली सगळ्यात जास्त चौकशी याचीच होते.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडाच्या सालीतला तंतू. खोडं सडवून, वाळवून, झोडून तो वेगळा करतात. आज उत्तम प्रतीचं जवस बहुतेक फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनारपट्टीवर पिकतं. 'आयरिश लिनन' हे नाव आयर्लंडच्या सूतगिरण्यांनी कमावलं. एकोणिसाव्या शतकात बेलफास्ट ही त्या धंद्याची राजधानीच होती. जेम्स के यांनी १८२५ मध्ये जवसाचा पेळू पाण्यात भिजवून कातायची पद्धत आणली. पाण्यात तंतूंना धरून ठेवणारा नैसर्गिक डिंक सैल होतो, ते एकमेकांवर सरकतात आणि सूत बारीक, गुळगुळीत निघतं. क्यूसाठी असं ओलं कातलेलं सूतच घ्यावं. कोरडं कातलेलं सूत केसाळ असतं, कितीही दाबलं तरी हाताला खुपतं.

क्यूवर आलेला धागा मात्र कापडाच्या दुनियेतून आला नाही, मासेमारीतून आला. समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी पीळदार लिननचा दोरा वापरत आणि त्याची ताकद सुतांच्या संख्येने सांगत : दर सुताला ओल्या अवस्थेत ३ पौंड. नऊ सुतांचा दोरा म्हणजे २७ पौंड. 'ओल्या अवस्थेत' हे महत्त्वाचं, कारण लिनन भिजल्यावर कमजोर होत नाही, उलट जास्त ताकद धरतं. अमेरिकेत कॉर्टलँड या मासेमारीच्या दोऱ्यांच्या कंपनीचं लिनन क्यू बनवणाऱ्यांनी उचललं. क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) यांच्या क्यूंनी तर पांढऱ्या लिननवर काळे-हिरवे ठिपके हे मुठीचं रूपच प्रतिष्ठित करून टाकलं. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाला, युद्धानंतर मासेमारीतून लिनन हटलं, आणि क्यूवाल्यांना जुन्या साठ्यातल्या रिळांवर दिवस काढावे लागले. म्हणून त्या जुन्या रिळांना आज इतकी मागणी.

मला जुनं रीळच हवं असा हट्ट नाही. पुस्तकबांधणीचा किंवा चामडं शिवायचा चांगला, मेण न लावलेला लिनन धागा तेच काम करतो, फक्त अंक नीट वाचता यायला हवा. लिननचा अंक असा : १ पौंड सुतात ३०० वारांच्या किती लड्या बसतात तो पहिला आकडा, आणि किती पदर पिळले तो दुसरा. १२/३ म्हणजे बारा अंकाची तीन सुतं एकत्र. एका पौंडात १२ × ३०० ÷ ३ = १२०० वार. मीटरमध्ये मांडलं तर एका मीटरला ०.४१ ग्रॅम. १८/३ घेतला तर तो ०.२८ ग्रॅमवर येतो, ०.५८ च्या खाचेत दबून बसतो आणि कडेला पायरी राहते. १२/३ हलक्या हाताने कॅलिपरमध्ये धरला तर ०.७५ मिमी भरतो, आणि गुंडाळून दाबल्यावर ०.६ च्या आसपास यायला हवा. माझ्या खाचेला तोच योग्य.

किती लागेल? ताणून गुंडाळल्यावर एक वेढा साधारण ०.७२ मिमी जागा घेतो. ३०५ मिलिमीटरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास वेढे. सरासरी घेर ९१ मिमी. म्हणजे सुमारे ३९ मीटर, वजन १६ ग्रॅम. रिळावर ४५ मीटर असल्याशिवाय सुरुवात करायची नाही, कारण मध्ये गाठ चालत नाही.

मेण न लावलेला धागा यावर मात्र मी अडून बसेन. मेणाचा धागा गुंडाळायला सोपा, दिसायलाही छान. पण त्यावर गोंद धरत नाही, आणि ज्या शोषण्यासाठी लिनन आणलं तेच मेण बंद करून टाकतं.

१० नोव्हेंबर

पांढऱ्यात काळा ठिपका, तीन पदरांपैकी एक काळा. काकांची पसंती. पांढरं एकसारखं लिनन क्यूच्या टोकाला लावायच्या खडूच्या निळ्या डागांनी लवकर मळकट दिसतं, ठिपक्यांत डाग मिसळून जातात. ठिपक्यांची नक्षी ही पीळ आणि घेर यांच्या मेळातून होते. पिळाची लांबी घेरात पूर्ण वेळा बसली की काळे ठिपके एकाखाली एक येऊन रेघ धरतात, थोडं कमी-जास्त झालं की रेघ तिरकी सरकते. मूठ उतरती असल्याने घेर सतत बदलतो, म्हणून रेघा कुठे उभ्या, कुठे तिरक्या. ताण मध्येच बदलला तर नक्षी तिथे तुटते. ठिपक्याचा धागा ताणाची साक्ष देतो, हे मला आवडतं.

सगळा धागा बोटांतून काढून दुसऱ्या रिळावर घेतला. लिननमध्ये जाड गुठळ्या असतातच. लहान होत्या त्या बारीक चिमट्याने उपटल्या. एक मोठी सापडली, ती सुरुवातीच्या टोकाजवळ असल्याने तेवढा तुकडा कापून टाकला.

रिळावर घेताना रीळ फिरवलं, धागा रिळाच्या डोक्यावरून ओढला नाही. डोक्यावरून ओढलेला धागा दर वेढ्याला एक पीळ कमावतो किंवा गमावतो. चाळीस मीटरमध्ये एवढा फरक जमतो की धागा सैल सोडला की स्वतःभोवतीच वळतो.

१४ नोव्हेंबर

मुठीइतक्याच व्यासाच्या, तशाच उताराच्या लाकडी दांड्यावर चाचणी.

पहिला प्रश्न दिशेचा. उतारावर वेढा नेहमी बारीक बाजूकडे घसरू पाहतो. जाड टोकाकडून सुरुवात केली तर प्रत्येक नवा वेढा आधीच्यापासून दूर पळतो आणि फट राहते. बारीक टोकाकडून सुरुवात केली तर नवा वेढा मागच्या वेढ्याला टेकतो. उतार दिसायला नाममात्र आहे, पण चारशे वेढ्यांवर परिणाम स्पष्ट दिसला : पहिल्या पद्धतीच्या तुकड्यात दिव्यासमोर लाकडाच्या रेघा चमकत होत्या, दुसऱ्यात नाही. बारीक टोकाकडूनच करणार.

दुसरा प्रश्न धागा कोणत्या कोनातून यावा हा. धागा किंचित मागे, म्हणजे झालेल्या वेढ्यांच्या बाजूला झुकलेला ठेवला की वेढे खेटून बसतात. फार मागे गेला की मागच्या वेढ्यावर चढतो. पुढे गेला की फट. दोन-तीन अंशांचा मागे झोल पुरतो.

आणि ताण. इथे लिनन आणि नायलॉन यांच्यातला स्वभावाचा फरक कळतो. नायलॉन तुटायच्या आधी चांगला वीस टक्के आणि त्याहूनही जास्त लांबतो, त्यामुळे हाताचा कमी-जास्त ताण तो पोटात घेतो. लिनन दोन-तीन टक्क्यांतच तुटतं. ताण जरा ढळला तरी ते लपवत नाही : सैल वेढे दाबताना पसरतात, घट्ट वेढे रेघेसारखे आत बसतात. म्हणून ताण हाताने नाही, यंत्राने. दोन लाकडी पट्ट्या, मध्ये फेल्ट (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड), वर स्प्रिंग आणि चाकी-स्क्रू. धागा फेल्टमधून येतो. समोर स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून पाहिलं आणि १ किलोवर स्थिर केलं. १ किलोला वेढे घट्ट, पण गोल राहतात. २ किलोला ते दबून चपटे होतात, मग पुढे दाबण्यासाठी उंचीच उरत नाही, आणि फेल्टमध्ये धाग्याची लव उभी राहते.

या सगळ्या कामात माझं मत कशाबद्दल ठाम असेल तर ते याबद्दल : सारखा ताण मिळाला की उरलेलं हाताच्या आवाक्यातलं आहे. गोंद, खळ, घोटणं, काहीही असमान ताण दुरुस्त करत नाही.

१६ नोव्हेंबर

गोंद : पांढरा पीव्हीए. पिवळा लाकडी गोंद जोडाला उत्तम, पण पांढऱ्या धाग्यातून त्याची झाक वर येते. सायनोअॅक्रिलेटचा, म्हणजे झटकन चिकटणाऱ्या गोंदाचा, विचारच नाही. तो धाग्यात शिरतो, लिनन काळपट आणि काचेसारखं कडक होतं आणि पुढे काढताना लाकूड सोलून येतं. पीव्हीए ऊब आणि ओलावा दिला की मऊ पडतो. पुढच्या कारागिराला हा रॅप उतरवता आला पाहिजे, जसा मला आधीच्या माणसाचा उतरवता आला.

थर पातळ, थोडं पाणी घालून. जाड थर वेढ्यांमधून वर येतो आणि तिथे लिनन शोषत नाही, चकचकीत डाग दिसतो.

२१ नोव्हेंबर

गुंडाळलं.

आधी तयारी. खाचेच्या बाहेर दोन्हीकडे पॉलिशवर कागदी चिकटपट्टी, बरोबर कडेवर. सुरुवातीचं टोक वेढ्यांखाली झाकायचं, तर तिथे धाग्यावर धागा येऊन उंचवटा होतो. त्यावर उपाय म्हणजे शेपटाचे तीन पदर उलगडायचे, दोन वेगवेगळ्या लांबीवर कापायचे, उरलेला पातीने खरवडून निमुळता करायचा. शिवाय खाचेच्या तळाला सुईच्या कानशीने त्याच्यापुरती उथळ खोबण. एवढं केल्यावर बोट फिरवून टोक कुठे आहे ते सापडत नाही.

लेथ अगदी मंद, मिनिटाला पन्नासच्या खाली, पायाने चालू-बंद. दोन्ही हात मोकळे हवेत. पहिले आठ-दहा वेढे लेथ न चालवता हाताने फिरवून घातले. पहिला वेढा कडेला घट्ट चिकटून पूर्ण गोल बसला की पुढचे सगळे त्याची नक्कल करतात. इथे घाई करण्यासारखं काही नाही, सव्वाचारशे वेढे या वेगाने फार वेळ घेत नाहीत.

गोंद एका वेळी सहा-सात सेंटिमीटर, बोटाने पुसून जवळपास दिसेनासा. धागा त्या पट्ट्याच्या शेवटाशी आला की थांबायचं, पुढचा पट्टा लावायचा. थांबताना लेथ सुटतो तेव्हा धागा सैल होऊ द्यायचा नाही, म्हणून लेथच्या फिरत्या दांड्याला साधा अडसर लावून ठेवला आहे.

दर थोड्या वेळाने नखाने वेढे मागे सारायचे. नख बोथट हवं. धार असली तर धाग्याची लव उठते. मी घासून गुळगुळीत केलेली लाकडी पट्टी वापरली.

मध्यावर आल्यावर ठिपक्यांची रेघ सावकाश तिरकी होत गेली, कुठेही तुटली नाही. फेल्टवर भरवसा ठेवता आला.

शेवट मासेमारीचा रॉड बांधणारे करतात तसाच : शेवटचे दहा वेढे उरले की बारीक मजबूत धाग्याचा फास खाचेत आडवा ठेवायचा, त्यावरून उरलेले वेढे घालायचे, धागा कापून टोक फासात ओवायचं आणि फास ओढून टोक वेढ्यांखालून बाहेर काढायचं. या दहा वेढ्यांखाली गोंद नाही, नाहीतर फास अडकतो. ज्या धाग्याने मासे धरले त्याला मासेमाऱ्यांचीच गाठ शोभते. हे टोकही आधी उलगडून बारीक केलं होतं. बाहेर आलेला भाग ताणून धरून नवीन पातीने वेढ्यांच्या लगत कापला, मग ते दहा वेढे लाकडी पट्टीने बाजूला सारून सारखे केले आणि त्यांच्यावर सुईच्या टोकाने पातळ गोंदाचे थेंब सोडले.

कडेला जागा किती उरेल ही शेवटची काळजी. अर्धा वेढा उरला तर तो ना घालता येतो ना सोडता. शेवटचे दोन सेंटिमीटर राहिले असताना उरलेली जागा मोजायची, वेढ्याच्या रुंदीने भागायची आणि लागेल तसं वेढे जरा जास्त किंवा कमी खेटायचे. वीस-पंचवीस वेढ्यांत अर्धा वेढा सहज जिरतो.

२२ नोव्हेंबर

गोंद पूर्ण सुकला. रॅप लाकडापेक्षा दोन्ही टोकांना ०.१ मिमी वर आहे. हेच हवं होतं, हा दशांश दाबण्यात जाईल. दिव्यासमोर फट नाही.

२३ नोव्हेंबर

वरून काय लावायचं? दांड्यावर गुंडाळलेल्या तुकड्यांवर चार पट्टे केले : गव्हाच्या सत्त्वाची पातळ शिजवलेली खळ, पाणी घातलेला पीव्हीए, चपडा (लाखेचं पॉलिश), आणि नुसतं मेण. सगळे एकाच पद्धतीने दाबले, सुकवले, मग प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब.

चपड्यावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला. पीव्हीएवरही बराच वेळ तसाच. मेणावर तो घरंगळून गेला. खळीवर पसरला आणि जिरला.

दिसायला चपडा सगळ्यात सुंदर. धाग्याची लव बसलेली, ठिपके उठून दिसतात, डाग पुसून निघतात. खूप जण असंच काहीतरी कडक लावून लिनन बंद करतात आणि 'लिननसारखं दिसणारं' काहीतरी खेळाडूच्या हातात देतात. मला ते पटत नाही. घामाच्या बाबतीत असा रॅप आणि नायलॉन यांत फारसा फरक उरत नाही. मग बारीक टोकापासून सुरुवात, फेल्ट, ताण, हे सगळं कशासाठी केलं?

खळीचे दोष माहीत असावेत. ती ओलाव्याने हळूहळू मऊ पडते, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हलका हात द्यावा लागतो. दमट, बंद जागेत क्यू पडून राहिला तर किडे सत्त्व खातात, पुस्तकं बांधणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. पण कोरड्या पेटीत ठेवलेल्या आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या क्यूला दोन्हींची भीती कमी. खळच, आणि तीही इतकी पातळ की बोटांत धरली तर जेमतेम ओशट लागावी.

२५ नोव्हेंबर

आधी लव जाळली. स्पिरिटच्या दिव्याची लहान ज्योत, क्यू फिरता, ज्योत एका जागी न थांबता एकदाच वरून नेली. उभे तंतू क्षणात जातात, धाग्याला आच लागत नाही. दोन्ही टोकांपासून तीन सेंटिमीटर मात्र ज्योत नेली नाही, कारण पॉलिश उष्णतेने फुगतं. तिथली लव खळ सुकल्यावर ६०० नंबरच्या घासकागदाने काढायची. जळलेला काळा कण मऊ ब्रशने झाडला. तो राहिला तर खळीत मिसळून पांढऱ्यावर राखाडी झाक येते.

खळ फडक्याने लावली, लगेच जास्तीची पुसली. धागा दमट राहील, ओला नाही, इतपत. मग घोटणं.

घोटायला घासून आरशासारखी केलेली पोलादी पट्टी. लेथ मिनिटाला तीनशेच्या आसपास. पट्टी वरून दाबली की क्यू मध्ये वाकतो, म्हणून खालून दुसऱ्या हाताने जाड फेल्टचा आधार, दाब दोघांच्या मध्ये. घर्षणाने ऊब येते, त्या उबेतच खळ वळते आणि धागा चपटा होऊन शेजारच्याला भिडतो. सुरुवात मधून, मग दोन्ही टोकांकडे आळीपाळीने, आणि कडेच्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये दाब कमी. एकाच बाजूने जोरात ढकलत नेलं तर वेढे त्या दिशेला सरकतात आणि कडेला फुगवटा जमतो.

दमटपणा जाईपर्यंत घोटत राहिलो. आवाज बदलतो : आधी खरखर, मग सुंईऽ असा एकसंध. तो आवाज आला की थांबायचं. पुढे घोटलं तर लिनन चमकतं, आणि चमक म्हणजे पुन्हा बंद झालेला पृष्ठभाग.

२६ नोव्हेंबर

उंची तपासली. वरच्या टोकाला रॅप आणि लाकूड एका पातळीत, खालच्या टोकाला केसभर वर. कडेला चिकटपट्टी पुन्हा लावून तिथे दमट फडकं फिरवलं आणि फक्त तेवढंच घोटलं. बसलं. टोकांची लव ६०० च्या कागदाने, अगदी हलक्या हाताने, वेढ्यांच्या दिशेने. चिकटपट्ट्या काढल्या, कडांवरचं पॉलिश मऊ कापडाने पुसलं. डोळे मिटून जॉइंटकडून खाली बोट नेलं तर लाकूड संपलं कुठे हे फक्त उबेवरून कळतं : लाकूड गार, लिनन नाही.

वजन केलं. जुना नायलॉन काढण्याआधीपेक्षा ३ ग्रॅम जास्त. समतोलाच्या बिंदूत जाणवण्यासारखा फरक नाही.

२७ नोव्हेंबर

काका क्यू घेऊन गेले. मुठीवरून हात फिरवत म्हणाले, "अरे, हे तर कापडच." त्यांना सांगितलं, पहिले काही दिवस हात धुऊन, कोरडे करून खेळा. नव्या लिननला पहिला मळ कोणता लागतो त्यावर त्याचा रंग पुढे ठरतो. पांढरं राहणार नाही, ते हाताच्या रंगाकडे हळूहळू झुकत जाईल, आणि ते तसंच व्हायला हवं.

१८ डिसेंबर

क्यू पाहायला मागवला. नियमित खेळ झालेला आहे. मुठीच्या वरच्या तिसऱ्या भागात, काकांची बोटं जिथे असतात तिथे, लिनन किंचित मऊ आणि पिवळसर. वेढे हललेले नाहीत. खालच्या कडेला नखाने उचलून पाहिलं, पक्कं आहे. काका म्हणतात, "हात चिकटत नाही आता. पण खडूचा हात लागतो तिथे काळं पडतंय." डाव्या हाताने खडू लावून तोच हात मुठीवर नेतात. दमट फडक्याने, घासून नाही तर टिपून, पुसून दाखवलं आणि लगेच कोरड्या कापडाने घट्ट गुंडाळून क्यू हातात फिरवायला सांगितलं, म्हणजे लव खाली बसते. साबण, स्पिरिट, पॉलिश काहीही लावायचं नाही. पेटीत ठेवण्याआधी मूठ वाळू द्यायची, खेळून आल्या आल्या बंद करायची नाही.

घोटलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहिला. जिरला.

उरलेला धागा साडेपाच मीटर. तो चिठ्ठी लावून ठेवला : १२/३, ओलं कातलेलं, मेण नाही, ताण १ किलो, खाच ०.५८, सुरुवात बारीक टोकाकडून, खळ गव्हाची. खालचं किंवा वरचं टोक कधी सुटलं तर पन्नासेक वेढे बदलायला एवढा पुरतो, आणि त्याच रिळातला असल्याने ठिपके जुळतील.